लढाईच्या बराकी, लाकूड आणि रेडियल आर्म करवत

लाकूडवेडा

सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. भरती होणाऱ्या लाखो पोरांना ठेवायचं कुठे, याची सोय मात्र लष्कराकडे नव्हती. जुन्या छावण्या तोकड्या होत्या, पोलाद दुसरीकडे हवं होतं आणि हिवाळा तोंडावर आला होता. तेव्हा उभ्या राहिल्या त्या लाकडी बराकी. मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प एडवर्ड्सला तर चारेक महिन्यांत हजाराहून जास्त इमारती झाल्या. या इमारती आणि त्यांचं लाकूड ज्या यंत्रांवर कापलं गेलं ती यंत्रं, हा या धाग्याचा विषय. मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरपासून जवळ राहतो आणि जुन्या करवती दुरुस्त करतो, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी बराक. लष्कराच्या क्वार्टरमास्टर (म्हणजे रसद आणि बांधकाम बघणाऱ्या) खात्याने नकाशांचा एक संच करून ठेवला होता, त्याला '७०० मालिका' म्हणत. त्यातली नेहमी दिसणारी इमारत म्हणजे ६३ जणांची दोन मजली बराक. तिच्याबरोबर भटारखाना, गोदाम, दवाखाना, प्रार्थनाघर, सगळ्यांचे नकाशे ठरलेले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे भिंतीबाहेर छपराची एक अरुंद पट्टी फिरवलेली असे, तिच्यावरून ही इमारत आजही लांबून ओळखू येते. १९४१ मध्ये सुधारलेली ८०० मालिका आली. पुढे लाकडाची ओढाताण सुरू झाल्यावर एक मजली, डांबरी कागद मारलेल्या आणखी हलक्या इमारती आल्या.

नकाशा ठरलेला म्हणजे लाकडाचा प्रत्येक तुकडा ठरलेला. भिंतीतला उभा खांब अमुक लांबीचा, छपराचा वासा अमुक कोनात कापलेला, त्याची खाच अमुक ठिकाणी. एका छावणीत हेच तुकडे हजारोंनी लागतात. मग प्रत्येक इमारतीपाशी सुतार बसवून मापं घेण्यात अर्थ नव्हता. कंत्राटदारांनी छावणीच्या एका बाजूला, रेल्वेची साइडिंग येईल अशा जागी, कापणीचा तळ टाकला. वॅगनमधून लाकूड उतरायचं, तिथेच मापात कापलं जायचं, गठ्ठे बांधून ट्रकवर चढायचं. इमारतीपाशी पोचेपर्यंत फक्त उभं करून खिळे मारायचं काम उरायचं.

त्या तळावर जी करवत शोभली ती डीवॉल्टची रेडियल आर्म. रेमंड डीवॉल्ट हा न्यू जर्सीतल्या ब्रिजटनमध्ये लाकडाच्या गिरणीवर देखरेख करायचा. १९२२ च्या सुमारास त्याने टेबलावर आडवा दांडा उभारला, त्या दांड्यावरून मागेपुढे सरकणारी मोटर टांगली आणि मोटरच्याच दांडीवर गोल पातं बसवलं. नाव ठेवलं 'वंडर वर्कर'. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिओला गावी कंपनी निघाली, पुढे ती लँकेस्टरला आली. या करवतीच्या आधी गोल करवतीच्या टेबलावर लांब फळी ढकलत न्यावी लागे. सोळा फुटी फळीचं टोक आडवं कापायचं तर सगळी फळी हलवायची, म्हणजे दोन माणसं आणि भरपूर जागा. इथे फळी जागेवर पडून राहते आणि पातं तिच्याकडे येतं. दांडा फिरवला की तिरका काप, मोटर कलती केली की कलता काप, मोटर पाव वळसा फिरवली की उभी चीर, म्हणजे फळीच्या लांबीच्या दिशेने.

ती कशी चालवत ते सांगतो, कारण वेगाचं गमक तिथे आहे. टेबलाच्या मागच्या कडेला एक उभी पट्टी असते. हव्या त्या मापावर पट्टीला लाकडी ठोकळा मारायचा. एक माणूस फळी ठोकळ्याला भिडवतो, एक मूठ धरून पातं स्वतःकडे ओढतो, तिसरा कापलेला तुकडा उचलून थप्पीवर टाकतो. माप घ्यायचं नाही, रेघ मारायची नाही. आता यातली मेख बघा. ठोकळ्याच्या पायाशी भुसा साठतो. तो दाबला गेला की पुढचा तुकडा सुताभराने आखूड निघतो, त्याच्या पुढचा आणखी आखूड. म्हणून जाणता कारागीर ठोकळ्याचा खालचा कोपरा तासून टाकतो किंवा ठोकळा टेबलापासून किंचित उचलून मारतो, म्हणजे भुशाला पळायला वाट मिळते. कुठलीही जुनी रेडियल आर्म दिसली तर तिची मागची पट्टी आधी बघा. खिळ्यांची भोकं दिसली की समजावं, हिने ढिगाने एकसारखं लाकूड कापलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या बांधकामाच्या वेगाचं श्रेय आपण नकाशाला देतो, मजुरांच्या संख्येला देतो, ते या कापणीच्या तळालाही द्यायला हवं. कोणाकडे आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

स्वाती_के

वाचतेय. फार छान लिहिलंय. हातात धरायची गोल करवत तेव्हा होती का? की सगळं तळावरच कापायचे?

लाकूडवेडा

होती, स्वातीताई. तिची जन्मकथा अशी सांगतात की लुइझियानात मजूर कोयत्याने ऊस तोडताना पाहून एडमंड मिशेलला यांत्रिक कोयत्याची कल्पना सुचली. पुढे जोसेफ सलिव्हनशी भागीदारी झाली, १९२४ मध्ये कंपनी निघाली आणि १९२६ मध्ये तिचं नाव स्किलसॉ झालं. मोटर आणि पात्याच्या मधे वर्म गिअर, पातं डाव्या हाताला. गिअरमुळे फेरे कमी होतात आणि जोर वाढतो, म्हणून ओल्या लाकडातही ती अडखळत नाही. गिअर तेलात बुडालेला असतो, ते तेल वेळच्या वेळी बदललं तर यंत्र दोन पिढ्या चालतं. पोर्टर-केबलच्या आर्ट एमन्सने १९२९ च्या आसपास मोटर आडवी घालून हलकी करवत केली. आज आपल्याकडे सुतारांच्या हातात दिसतं ते यंत्र बव्हंशी त्या घराण्यातलं.

युद्धाच्या कामात दोघींची वाटणी सरळ होती. मोजून कापायचं ते रेडियल आर्मवर. जागेवर बसवल्यानंतर छाटायचं, म्हणजे छपराच्या कडेला आलेली वाशांची टोकं, पायरीसारख्या बाहेर राहिलेल्या फळ्या, जमिनीच्या तक्त्यांची शेवटची कड, ते स्किलसॉने.

वखारवाला

आमच्या घरात तीन पिढ्या लाकडाचा धंदा. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये वखार आहे. तुमच्या लेखातलं ओल्या लाकडाचं वाक्य वाचून थांबलो. एवढ्या घाईत एवढं लाकूड म्हणजे ते सुकवलेलं असणं शक्यच नाही. ओला माल बसवला की सहा महिन्यांत सांधे उघडतात, फळी पिळवटते, दारं अडतात. त्या बराकींचं असं झालं नाही का?

दुसरं, किती लाकूड गेलं याचा काही अंदाज?

लाकूडवेडा

झालं ना. घाईच्या दिवसांत बराच माल ओलाच आला. भिंतींच्या फळ्यांत फटी पडल्या, वारा आत शिरायचा, आणि जवानांच्या आठवणींत बराकीतली थंडी सारखी येते. पण या इमारती कायमच्या म्हणून बांधल्याच नव्हत्या. गंमत अशी की त्या टिकल्या. इतक्या टिकल्या की १९८३ मध्ये अमेरिकन संसदेला लष्कराला सांगावं लागलं, या तात्पुरत्या इमारती आता पाडा. मग पाडण्याआधी त्यांची मोजमापं, फोटो आणि इतिहास नोंदवून ठेवण्याचा करार झाला. आज आपल्याला इतकं तपशीलवार कळतं ते त्या नोंदींमुळे.

लाकडाचा हिशोब इथे बोर्डफुटात करतात. १२ बोर्डफूट म्हणजे तुमचा १ घनफूट. १९४२ मध्ये अमेरिकेत साधारण ३६ अब्ज बोर्डफूट चिरलेलं लाकूड निघालं, म्हणजे ३ अब्ज घनफूट. तरीही पुरेना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युद्ध उत्पादन मंडळाने गरजेचं नसलेलं खासगी बांधकाम थांबवलं. पुढे छावण्या बांधून झाल्या तशी बांधकामाची मागणी उतरली आणि खोक्यांची चढली. तोफगोळा असो, इंजिन असो की डबाबंद मटण, समुद्रापार जायचं ते लाकडी खोक्यातून, आणि जहाजात माल हलू नये म्हणून मधे ठासायचं तेही लाकूडच.

निशाचर

लेख उत्तम, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. त्या छावण्यांचा खर्च अंदाजाच्या बाहेर गेला होता. सिनेटर हॅरी ट्रुमन यांची चौकशी समिती मार्च १९४१ मध्ये नेमली गेली आणि तिने सर्वात आधी हात घातला तो याच छावण्यांच्या बांधकामाला. कंत्राटं 'झालेला खर्च अधिक ठरलेली फी' या तत्त्वावर दिलेली. त्यात हातोडी घेऊन आलेला प्रत्येक माणूस 'सुतार' म्हणून लागला. तेव्हा ही कार्यक्षमतेची कहाणी आहे असं म्हणताना जपून. पैसा ओतला म्हणून काम झालं.

लाकूडवेडा

निशाचर, हा मुद्दा तुम्ही आणलात हे फार बरं केलंत. समितीचे आक्षेप खरे होते. जागा चुकीच्या निवडल्या, पाणथळ जमिनीवर छावण्या टाकल्या, यंत्रं अव्वाच्या सव्वा भाड्याने घेतली. डिसेंबर १९४० मध्ये लष्करी अधिकारी ब्रेहॉन सॉमरव्हेल बांधकाम विभागावर आले तेव्हा त्यांना काम वेळेत हवं होतं, खर्च नंतर बघू अशी त्यांची भूमिका होती.

पण 'हातोडी घेऊन आलेला सुतार' हीच गोष्ट मला कापणीच्या तळाकडे नेते. मंदीची दहा वर्षं बांधकाम बंद पडल्यासारखं होतं. जुने सुतार दुसऱ्या कामाला लागलेले, नवीन तयार झालेले नाहीत. वाशाचा कोन काढता येणारा, गुण्या लावून खाच आखणारा माणूस शंभरात पाच मिळायचा. त्या पाच जणांना इमारतींवर विखरून टाकलं असतं तर त्यांच्या हाताखाली पंचाण्णव जण ताटकळत उभे राहिले असते. त्यांना तळावर, करवतीपाशी आणि साच्यांपाशी बसवलं. त्यांनी एकदा ठोकळा बरोबर मारला की दिवसभर निघणारा प्रत्येक तुकडा बरोबर. मग बाहेर ज्याला फक्त खिळा ठोकता येतो तोही उपयोगी पडतो. पैसा ओतूनही कसबी माणसं एका महिन्यात तयार होत नाहीत, आणि या कामाला एक महिनासुद्धा फार होता.

निशाचर

हे पटलं. खर्चाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण कसब एका जागी गोळा करण्याचा मुद्दा मान्य.

खडकीकर

आमचे आजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकडीत होते, खडकीहून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेले. तिकडची बाजू थोडी लिहितो.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथला सागवान हिंदुस्थानला मिळेनासा झाला. रेल्वेचे स्लीपर, जहाजांचं काम, पूल, बराकी, सगळा भार आपल्या जंगलांवर आला. परत ब्रह्मदेशात शिरताना रस्ते, पूल, बोटी असं सगळं सैन्याला स्वतः उभं करायचं होतं. डिसेंबर १९४४ मध्ये कलेवाला चिंदविन नदीवर १,१५४ फुटांचा तरंगता बेली पूल (तयार तुकडे जोडून उभारायचा पूल) टाकला. तो त्या वेळचा जगातला सर्वात लांब बेली पूल. बेलीचा सांगाडा पोलादाचा असतो, पण ज्यावरून गाड्या जातात तो तक्ता लाकडी फळ्यांचा. त्याच कलेवाला तिथल्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांच्या सांगण्यावरून जंगलातलं सागवान पाडून शेकडो मालवाहू बोटी बांधल्या. ओंडके हत्तींनी ओढून आणले.

त्या हत्तींचा मुंबईशी संबंध आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली कंपनी, ब्रह्मदेशातल्या सागवानाचा मोठा व्यापार तिच्याकडे. तिच्याकडे काम केलेले जे. एच. विल्यम्स युद्धात सैन्याच्या हत्तींच्या तुकडीचे प्रमुख होते. जंगलातले लाकडी पूल हत्ती आणि सॅपर मिळून बांधत. आजोबा सांगायचे, हत्ती तुळई उचलून नुसती ठेवत नाही, ती बसली की नाही हे कपाळाने दाबून बघतो, आणि हललीच तर पुन्हा सारखी करतो.

तिथे रेडियल आर्म वगैरे काही त्यांच्या नजरेला पडलं नव्हतं. दोघांनी ओढायचा आरा, कुऱ्हाड, वाकस. त्यांच्या आऱ्याची एक मूठ अजून घरात आहे.

स्वाती_के

खडकीकर, आजोबांची आठवण वाचून डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या मुठीचा फोटो टाकाल का?

मी बायकांबद्दल थोडं लिहिते. नॉर्वे १९४० मध्ये जर्मनीकडे गेला, समुद्रमार्ग धोक्यात आले आणि ब्रिटनची लाकडाची आयात आटली. कोळशाच्या खाणीत छताला टेकू द्यायला लाकूड लागतं, ते नाही तर कोळसा नाही. म्हणून १९४२ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये बायकांचं टिंबर कोअर निघालं. झाडं पाडणं, फांद्या छाटणं, घोड्यांनी ओंडके ओढणं, सॉ मिल चालवणं, सगळं या मुली करायच्या. कॅनडा, न्यूफाउंडलंड आणि ब्रिटिश होंडुरासमधूनही लाकूडतोड्यांच्या तुकड्या स्कॉटलंडला आल्या होत्या.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला टर्की पॉन्ड नावाचं तळं आहे. १९३८ च्या चक्रीवादळात पडलेली झाडं किडू नयेत म्हणून ओंडके अशा तळ्यांत टाकून ठेवले होते. पुरुष युद्धावर किंवा कारखान्यात गेले, तेव्हा १९४२ च्या शेवटी तिथे वनखात्याने एक सॉ मिल बायकांच्या हाती दिली. थंडीत बर्फ फोडून ओंडके किनाऱ्याला आणायचे आणि चिरायचे. वर्षभर त्यांनी ती चालवली.

वखारवाला

टर्की पॉन्डची माहिती नवीन मिळाली, ताई. पाण्यात बुडवून ठेवलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही आणि ते तडकतही नाही, हे धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल.

लाकूडवेडा, साखळी करवतीचं, म्हणजे चेन सॉचं काय? जंगलात ती होती का?

लाकूडवेडा

होती, पण आज दिसते तशी नाही. जर्मनीत अँड्रियास स्टीलने १९२६ मध्ये विजेवरची काढली, वजन ६४ किलो. १९२७ मध्ये एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर आपली पेट्रोलवरची करवत चालवून पाहिली, ५८ किलो. १९२९ मध्ये स्टीलची पेट्रोलवरची आली, ४६ किलो. सगळ्या दोन माणसांनी उचलायच्या. युद्ध लागल्यावर जर्मन माल बंद झाला तसे अमेरिकेत आणि कॅनडात कारखाने निघाले. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीने मर्क्युरी कंपनीचं इंजिन लावून दोन माणसांची चेन सॉ केली, ती लष्कराच्या इंजिनिअर तुकड्यांना मिळाली. तरी जंगलात जास्त लाकूड पडलं ते हाताच्या आऱ्यानेच. एका माणसाच्या हातात नीट बसणारी चेन सॉ आणि तिची आजची साखळी युद्धानंतरची. ती साखळी जो कॉक्स या ओरेगनच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा बघून बनवली आणि १९४७ मध्ये विकायला काढली.

लाकडाने काय उभं राहू शकतं याचा टोकाचा नमुना बघायचा तर नौदलाचे ब्लिंपचे, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या हवाई जहाजांचे हँगर बघा. पोलाद मिळेना म्हणून किनाऱ्यांवर १७ हँगर लाकडाचे बांधले. ओरेगनमधल्या टिलामूकचा हँगर १,०७२ फूट लांब, २९६ फूट रुंद, १९२ फूट उंच. आत एकही खांब नाही, नुसत्या डग्लस फर लाकडाच्या कमानी. एवढ्या कमानीचे सांधे साध्या बोल्टने धरत नाहीत. बोल्टच्या भोकाभोवती लाकूड चिरडतं आणि सांधा ढिला पडतो. म्हणून दोन्ही लाकडांच्या समोरासमोरच्या तोंडांवर गोल चर कोरायचा, त्यात पोलादी कडं बसवायचं, अर्धं या लाकडात, अर्धं त्या लाकडात, आणि मधून बोल्ट आवळायचा. भार बोल्टवर न येता कड्याच्या पूर्ण घेरावर पसरतो. चर कोरायला विजेच्या ड्रिलला लावायचं खास हत्यार असे. टिलामूकला दोन होते, एक १९९२ मध्ये आत साठवलेल्या गवतासकट जळाला, दुसरा उभा आहे, तिथे विमानांचं संग्रहालय आहे. कॅलिफोर्नियातल्या टस्टिनचा एक २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जळाला. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. तेवढ्या लांबीचं, तेवढ्या प्रतीचं लाकूड आता कुठून आणणार?

तात्या_सुतार

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी साताऱ्याला फर्निचर करतो. एक जुनी डीवॉल्ट रेडियल आर्म विकायला आहे, कोणीतरी अमेरिकेहून घरसामानाबरोबर आणलेली. घ्यावी का? आणि आमच्याकडे चालेल का?

लाकूडवेडा

तात्या, आधी मॉडेल बघा. एमबीएफ असेल तर ती १९५० च्या दशकातली, घरगुती कामाची, पण दणकट. ओतीव लोखंडाचा दांडा असलेली जुनी मिळाली तर आणखी उत्तम.

१. दांडा हाताने वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खांबापाशी खडखड असेल तर कसायची सोय असते, पण दांड्यातली वाट झिजून खड्डा पडला असेल तर सोडून द्या.

२. वीज. हे सगळ्यात महत्त्वाचं. तिकडे वीज ६० सायकलची (हर्ट्झ), आपल्याकडे ५०. मोटरवरच्या पट्टीवर ३४५० फेरे लिहिलेले असतील तर आपल्याकडे ती २८७५ च्या आसपास फिरेल. कमी फेऱ्यांनी काम अडत नाही. पण ६० सायकलची २३० व्होल्टची मोटर ५० सायकलच्या २३० व्होल्टवर लावली की ती तापते. व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवावं लागतं, म्हणजे १९० च्या जवळपास. मोटर थ्री फेजची असेल तर व्हीएफडी (हव्या तेवढ्या सायकलची वीज देणारं उपकरण) लावा, सगळा प्रश्न सुटतो.

३. पातं. टेबल सॉचं पातं यावर लावू नका. त्याचे दात पुढे झुकलेले असतात, त्यामुळे पातं लाकडावर चढून तुमच्या अंगावर धाव घेतं. दात सरळ किंवा किंचित मागे झुकलेले हवेत. मूठ धरलेला हात ताठ ठेवा, आणि पात्याच्या रेषेत दुसरा हात कधीही नको.

४. उभी चीर यावर करू नका. होते, पण फळी उलटी फेकली जाण्याचा धोका मोठा. त्यासाठी टेबल सॉ किंवा बँड सॉ.

वखारवाला

तात्या, घेतलीत तर पहिलं पातं पाजळून द्यायचं काम माझ्याकडे. पुण्यात आलात की वखारीवर या.

तात्या_सुतार

नक्की येतो, शेठ. मोटरवरची पट्टी बघायला रविवारी जातोय. फोटो इथेच टाकतो, लाकूडवेडा, तेवढं बघून सांगा.